ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल ट्रकचं रीमॅप: आधी टॅकोमीटर बघा

प्रश्न थोडक्यात असा. ३ लिटर डिझेल इंजिनचा पिकअप ट्रक, कागदोपत्री १७० हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, गाडी १,३०,००० किलोमीटर चाललेली. मागे साडेतीन टनांचा ट्रेलर लावला की ६ टक्क्यांच्या लांब चढावर वेग ८० वरून ६०-६२ वर येतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. एका रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं) करणाऱ्याने सांगितलंय की २०५ हॉर्सपॉवर होतील, टॉर्क २० टक्क्यांनी वाढेल, मायलेज सुधारेल आणि इंजिनला काही होणार नाही. करावं का?

आत्ता करू नका. पुढेमागे करायला हरकत नाही, पण त्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात आणि त्या तपासल्यावर बहुधा रीमॅपची गरजच उरणार नाही. मी वीस वर्षांहून जास्त काळ डिझेल इंजिनांवर काम करतोय. सुरुवात पंप आणि नोझलपासून झाली, आता दिवसातला निम्मा वेळ लॅपटॉपसमोर जातो. रीमॅप मी स्वतः करतो, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण ट्रेलर ओढणारी गाडी आणि रिकामी पळणारी गाडी यांचं गणित वेगळं असतं, आणि रीमॅप विकताना ते गणित क्वचितच मांडलं जातं. म्हणून आधी तेच मांडतो.

ट्रक साधारण ३ टनांचा धरा, ट्रेलर साडेतीन, एकूण साडेसहा टन. ६ टक्क्यांच्या चढावर एवढं वजन नुसतं वर न्यायला सुमारे ३,८०० न्यूटन जोर लागतो. टायर फिरवत ठेवायला ६५० च्या आसपास. ट्रेलरचं उभं तोंड लक्षात घेतलं तर ८० च्या वेगाला हवेचा अडथळा १,००० न्यूटनच्या वर जातो, ६० ला तो ६०० च्या आत येतो. ही बेरीज वेगाने गुणायची आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियलमध्ये १२ टक्के वाया जातात असं धरायचं. ८० च्या वेगासाठी इंजिनकडून १८५ च्या आसपास हॉर्सपॉवर हवेत. ७५ साठी १७०. आणि ६२ साठी फक्त १३५.

आता तुमच्या प्रश्नाकडे परत बघा. १७० हॉर्सपॉवरचं ठणठणीत इंजिन या चढावर ७५ चा वेग धरू शकतं. तुमची गाडी ६२ वर येते, म्हणजे इंजिनाकडून १३५ हॉर्सपॉवरचंच काम मिळतंय. मधले ३५ कुठेतरी अडकलेत. रीमॅपवालाही तुम्हाला बरोबर ३५ हॉर्सपॉवरच विकतोय. जे आपल्याच गाडीत आहेत आणि वापरात येत नाहीत, ते आधी शोधायला नकोत का?

ते शोधण्याची पहिली जागा टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) दाखवणारा काटा. चढाच्या मध्यावर, पाय पूर्ण दाबलेला असताना आरपीएम किती असतात? माझा अंदाज आहे २,३०० ते २,५००. कारण हिशोब तसाच जुळतो. ४०० न्यूटन-मीटर टॉर्क २,४०० आरपीएमला मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन देतंय १३५ हॉर्सपॉवर. ना कमी ना जास्त. १७० चा आकडा साधारण ३,४०० ला येतो. म्हणजे इंजिन बिचारं जेवढं द्यायचं तेवढं देतंय, गिअर मात्र एक पायरी वरचा आहे.

बऱ्याच ड्रायव्हरांच्या मनात बसलेलं असतं की डिझेल इंजिन जास्त फिरवलं की झिजतं, म्हणून चढावर आवाज वाढला की ते पाय थोडा सैल करतात, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लगेच वरच्या गिअरमध्ये जातो. इंजिन मग कमी आरपीएमवर गुरगुरत ओढत राहतं. कानाला ते बरं वाटतं, आतून ते इंजिनाला जड जातं. ३,४०० आरपीएमला १७० हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क सुमारे ३५५ न्यूटन-मीटर. रीमॅपनंतर २,४०० ला ४८० न्यूटन-मीटर घेतलेत तर हॉर्सपॉवर होतात १६२. म्हणजे रीमॅप करून त्याच वरच्या गिअरमध्ये राहिलात तर जेवढी ताकद मिळेल, त्याहून जास्त ताकद मूळ इंजिन एक गिअर उतरवल्यावर देतं! आणि प्रत्येक स्ट्रोकला पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येणारा दाब रीमॅपच्या बाबतीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेला असतो. वर, जास्त आरपीएमला वॉटर पंप जास्त पाणी फिरवतो, ऑइल पंप जास्त ऑइल देतो आणि इंजिनावर चालणारा फॅन असेल तर तोही जोरात हवा ओढतो. लोडवरचं इंजिन फिरत राहिलं पाहिजे, त्यातच त्याचं भलं असतं.

तर पहिला प्रयोग फुकट आहे. चढ सुरू होण्याआधीच टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीचा गिअरबॉक्सचा मोड) लावा, नसेल तर गिअर हाताने खालचा धरा आणि आरपीएम ३,००० ते ३,४०० मध्ये राहू द्या. लाल पट्ट्यात नेऊ नका, पण त्याच्या अलीकडच्या जागेला घाबरू नका. वेग ७२-७५ वर टिकला तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. गिअरबॉक्स हट्टाने वर जात असेल तर इंजिनाच्या आधी गिअरबॉक्सच्या प्रोग्रॅमवर खर्च करा. गिअर कधी बदलायचा आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) कधी लॉक करायचा एवढं नीट बसवलं तरी ओढणारी गाडी वेगळीच वाटते, आणि मूळ मर्यादेपलीकडे डिझेलचा एक थेंबही जास्त जळत नाही.

आरपीएम ३,३०० आहेत आणि तरीही गाडी ६२ वरच, असं दिसलं तर मात्र इंजिन आजारी आहे. आजारी इंजिनावर रीमॅप म्हणजे धाप लागलेल्या माणसाला पळायला लावणं.

या प्रकारची एक गाडी मला चांगली आठवते. मालक रीमॅपसाठीच आला होता, म्हणाला, पूर्वी ओढायची तशी आता ओढत नाही. मी इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल वाचण्याआधी नेहमी लोडवर एक फेरी मारून लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेतो. ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, मागत होता २.३ बार बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), प्रत्यक्षात येत होते १.८. टर्बोचे व्हेन (धुराची वाट अरुंद करणारी पाती) शेवटपर्यंत बंद होऊन धडपडत होते. बॉनेट उघडून वरून बघितलं तर सगळं स्वच्छ. गाडी उचलून इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) खालच्या होजवर बोट फिरवलं तेव्हा बोटाला काळं, चिकट ऑइल लागलं. क्लॅम्पच्या अगदी कडेला रबरात अंगठ्याच्या नखाएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली, बूस्ट आला की उघडायची. नवी होज टाकली, गाडी पूर्ववत. त्या अवस्थेत मी फाइलमध्ये बूस्ट वाढवला असता तर ती भरपाई करायला टर्बो आणखी जोरात फिरला असता आणि काही महिन्यांत त्याचा शाफ्ट गेला असता. मालकाला वाटलं असतं टर्बो खराब निघाला.

१,३०,००० किलोमीटरला तपासायच्या गोष्टी साध्या आहेत: डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, इंटरकूलर आणि त्याच्या होज, व्हेन मोकळे हलतात का, डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आधीचा आणि नंतरचा दाब, इंजेक्टरचं रिटर्न (इंजेक्टरमधून न फवारता परत जाणारं डिझेल). शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण इंजेक्टरमधला थोडासा बिघाड मूळ फाइलवर वर्षानुवर्षं चालून जातो आणि रीमॅपवर महिनाभरात पिस्टन खातो. ते कसं, ते पुढे सांगतो. रेडिएटरच्या जाळीत साचलेली माती आणि किडेही काढून घ्या. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत जो गाळ बसतो तो समोरून दिसत नाही.

हे सगळं नीट आहे, गिअरही बरोबर आहे, आणि तरीही जास्त ताकद हवी आहे असं धरून पुढचं बोलतो.

रीमॅप म्हणजे नेमकं काय बदलतं? ईसीयूमध्ये आकड्यांचे तक्ते असतात. पाय किती दाबला यावरून टॉर्कची मागणी ठरते. ती मागणी अनेक मर्यादांमधून गाळली जाते: गिअरनुसार टॉर्कची मर्यादा, हवेच्या मानाने किती डिझेल टाकायचं ती धुराची मर्यादा, पाणी तापलं तर कपात, एक्झॉस्ट तापला तर कपात. जे उरतं त्यानुसार रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, पिस्टन कुठे असताना उघडायचा आणि बूस्ट किती मागायचा हे ठरतं. चांगला ट्यूनर यातल्या प्रत्येक तक्त्याचा दुसऱ्याशी मेळ घालतो. वाईट ट्यूनर दोन मर्यादा उचलतो, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढवतो आणि मोकळा होतो. डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) दोन्ही फाइलींचा आलेख सारखाच सुंदर दिसतो.

कारण डायनोची एक ओढ १०-१५ सेकंदांची असते. ओव्हरटेकही तेवढाच. तुमचा चढ १० किलोमीटरचा असेल तर इंजिन सात-आठ मिनिटं सलग पूर्ण लोडवर असतं. पाणी, ऑइल, पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोचं घर, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळे हळूहळू तापत जातात आणि मग त्या तापमानावर टिकून राहतात. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे २६ किलोवॉट काम. तेवढं काम काढायला जवळपास ६८ किलोवॉटचं डिझेल जाळावं लागतं, म्हणजे ४० किलोवॉटहून जास्त उष्णता फुकट तयार होते. दोन-दोन किलोवॉटचे वीस हीटर बॉनेटखाली नव्याने सुरू केल्यासारखं. त्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून जातो, पण जाताना टर्बो तापवून जातो. उरलेला रेडिएटर, इंटरकूलर आणि ऑइल कूलरने सोसायचा. रीमॅपने यातलं काहीही मोठं होत नाही. रेडिएटर तोच, फॅन तोच.

आणि मिळतं काय? २०५ हॉर्सपॉवर खरोखर मिळाले आणि गिअरही योग्य ठेवला, तर त्याच चढावर वेग ७५ चा ८५-८६ होतो. १० किलोमीटरचा चढ आठ मिनिटांऐवजी सात मिनिटांत. एक मिनिट. हा सौदा प्रत्येकाने आपल्यापुरता ठरवावा, पण ठरवताना हा आकडा समोर असावा.

आता एक्झॉस्टच्या तापमानाबद्दल, कारण ट्रेलरवाल्या डिझेलचं खरं दुखणं तिथे आहे. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये मोजलेलं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत राहू लागलं की जुन्या मेकॅनिकांच्या भुवया वर जातात. लोक विचारतात, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम तर ५५० च्या आसपासच वितळायला लागतं, मग ७०० ला इंजिन चालतं कसं? चालतं, कारण पिस्टन त्या वायूएवढा तापत नाही. जळण्याचा काळ अगदी थोडा असतो, धूर बाहेर गेला की लगेच थंड हवा आत येते, आणि खालून ऑइलची बारीक धार पिस्टनच्या पोटावर सतत मारलेली असते. हा तोल आहे. एका बाजूने उष्णता वाढवत गेलात आणि दुसऱ्या बाजूचं ऑइल तापून पातळ झालं, की तो तोल ढळतो. पहिला बळी पडतो पिस्टनच्या वाटीचा (माथ्यावरच्या खोलगट भागाचा) काठ. तो पातळ असतो आणि त्यातल्या उष्णतेला पळायला जागा नसते.

एका ट्रकचं हेड उघडलं होतं, ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. मालक नियमित ट्रेलर ओढायचा, फाइल दुसरीकडून टाकलेली होती. ग्लो प्लग काढल्याबरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या टोकावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम होतं. हेड उचललं तर वाटीच्या काठाला, बरोबर एका फवाऱ्याच्या रेषेत, नखाने कोरल्यासारखी खाच पडलेली आणि तिथून भेगा निघालेल्या. बाकीचे पिस्टन ठीक होते. त्या एका इंजेक्टरचं एक छिद्र नीट फवारत नव्हतं, धार मारत होतं. मूळ फाइलवर ती धार काठाला लागेपर्यंत इंजेक्टर बंद व्हायचा. नव्या फाइलने तो जास्त वेळ उघडा ठेवला आणि चढाच्या प्रत्येक मिनिटाला ती ज्योत एकाच जागी लागत राहिली. इंजेक्टरचं रिटर्न आणि फवारा आधी तपासा असं मी जे म्हणतो, ते यासाठी.

तापमान खाली आणायचा एक मार्ग ट्यूनरकडे असतो: इंजेक्शन थोडं लवकर सुरू करणं. डिझेल लवकर जळलं की त्याची उष्णता पिस्टन ढकलण्यात जास्त खर्च होते आणि सायलेन्सरकडे कमी जाते. पण त्याची किंमत सिलिंडरमधल्या दाबात चुकवावी लागते. दाब वाढतो, हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट ताणले जातात, कमी आरपीएमवर तर फारच. उशिरा जाळलं तर तापमान चढतं, लवकर जाळलं तर दाब चढतो. दोन्हींच्या मधली जागा मूळ इंजिनात मोकळी असते, रीमॅप ती वापरून टाकतो. म्हणून ट्यूनरला हा प्रश्न विचारा: "टायमिंग किती हलवलं आणि का?" जो समजावून सांगेल त्याच्याकडे पुढचं बोला. "ते आमचं सिक्रेट आहे" असं उत्तर आलं तर चावी घेऊन परत या.

बूस्ट वाढवून जास्त हवा दिली की तापमान उतरेल, हेही अर्धंच खरं. छोटा टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर गेला की हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त. व्हेन बंद करून त्याला पळवलं तर मॅनिफोल्डमधला उलटा दाब वाढतो आणि इंजिन आपलाच धूर बाहेर ढकलण्यात ताकद घालवतं. उंचावर गेलात तर आणखी कठीण. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेचा दाब साधारण ७० टक्केच उरतो. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. मूळ फाइलमध्ये उंचीनुसार बूस्ट उतरवणारा तक्ता असतो, तो अबाधित ठेवलाय ना, हे विचाराच.

गिअरबॉक्सकडे वळतो. आधुनिक ऑटोमॅटिकमध्ये ईसीयू गिअरबॉक्सला सतत कळवत असतो की इंजिन आत्ता इतका टॉर्क देतंय. त्या आकड्यावरून गिअरबॉक्स क्लच किती दाबून धरायचे ते ठरवतो. काही स्वस्त फाइलींमध्ये हा आकडा जुनाच कळवला जातो, म्हणजे गिअरबॉक्सला वाटतं ४०० येतायत, प्रत्यक्षात येतात ४८०. क्लच कमी दाबाने धरले जातात आणि लोडवर किंचित सरकू लागतात. ड्रायव्हरला काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा ऑइल करपलेलं असतं. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान सतत १२० अंशांच्या वर जात असेल तर ते ऑइल लवकर संपतं, आणि त्यामागून गिअरबॉक्सही.

इंजिनाच्या ताकदीची मर्यादा कित्येकदा गिअरबॉक्सच ठरवतो, याचं उत्तम उदाहरण २०१३ च्या रॅम पिकअपचं. कमिन्सचं ६.७ लिटरचं तेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ६६० पाउंड-फूट टॉर्कला बांधलेलं होतं आणि आयसिनच्या जड ऑटोमॅटिकसोबत ८५० ला, म्हणजे साधारण ८९५ आणि १,१५० न्यूटन-मीटर. रीमॅप विकणारे नेहमी सांगतात की कंपनी एकाच इंजिनाची कमी आणि जास्त ताकदीची मॉडेल विकते, फरक फक्त सॉफ्टवेअरचा. कधी ते खरंही असतं. पण तुमच्या इंजिनाचं २०० हॉर्सपॉवरचं भावंड बाजारात असेल, तर दोघांचे पार्ट नंबर शेजारी ठेवून बघा: टर्बो, इंजेक्टर, पिस्टन, इंटरकूलर, रेडिएटर, गिअरबॉक्स. सगळे जुळले तर तुमच्याकडे मोकळी जागा आहे, आणि हा कुठल्याही जाहिरातीपेक्षा भक्कम पुरावा आहे. टर्बो आणि इंटरकूलर वेगळे निघाले तर उत्तर मिळालं.

ट्यूनिंग बॉक्सबद्दल थोडक्यात: ट्रेलरच्या गाडीला लावू नका. तो बॉक्स रेलच्या दाबाच्या सेन्सरच्या नावाने ईसीयूशी खोटं बोलतो. दाब खरा १,६०० बार असताना ईसीयूला १,४०० दाखवतो, ईसीयू तो आणखी चढवतो. ईसीयूच्या सगळ्या सुरक्षा-मर्यादा त्या खोट्या आकड्यावर चालतात. ज्याने गाडीचं रक्षण करायचं त्यालाच आंधळं केल्यासारखं आहे हे.

डीपीएफ काढून टाकतो, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि युरिया (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा फवारा) बंद करतो, सोबत फ्री, असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, गाडी तपासणीत अडकते, विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला होता की आदल्या दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा अशी काढली गेली, आणि त्यांतून ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडणार होते. तो धूर कोणाच्या तरी छातीतच जातो, चढावर रांगेत मागे असलेल्यांच्या सगळ्यात आधी. आणि तुमच्या कामाचं त्यात काही नाही. अशा बहुतेक इंजिनांत पूर्ण लोडवर ईजीआर जवळजवळ बंदच असतो, त्यामुळे तो काढून चढावर काही मिळत नाही. डीपीएफ गच्च होत असेल तर तो का गच्च होतोय ते शोधा. मूळ बहुधा इंजेक्टरमध्ये किंवा बूस्टच्या गळतीत सापडतं.

मायलेजच्या आश्वासनावर फार विसंबू नका. १० किलोमीटरला ६ टक्के म्हणजे ६०० मीटर चढायचं, आणि साडेसहा टन तेवढे वर न्यायला नुसत्या उंचीसाठीच ३ लिटरच्या आसपास डिझेल लागतं. ते कुठल्याही फाइलने कमी होत नाही. सपाट रस्त्यावर थोडा फरक पडू शकतो, पण डॅशबोर्डवरचा आकडा पुरावा मानू नका. ईसीयू मायलेज काढतो ते आपण मागितलेल्या डिझेलच्या हिशोबाने, मोजलेल्या डिझेलच्या नाही. फाइलमध्ये इंजेक्टरचा वेळ वाढवला की हा हिशोब चुकतो आणि स्क्रीनवर मायलेज आपोआप सुधारलेलं दिसतं. टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा काठोकाठ भरून मोजा.

आणखी एक गैरसमज काढायलाच हवा: ताकद वाढली म्हणून गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. कागदावर साडेतीन टन लिहिलेत तर रीमॅपनंतरही साडेतीनच. तो आकडा ब्रेक, चासी, एक्सल, हुक आणि कूलिंग यांचा मिळून असतो. अमेरिकेतल्या जे२८०७ या टोइंगच्या मानकात गाडीला पूर्ण वजनानिशी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा १८ किलोमीटरहून लांब चढ, ३८ अंशांच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. मागची चाकं एकेरी असतील तर वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊन चालत नाही. लक्षात घ्या, अख्खा मानदंड ६४ चा आहे. जड ट्रेलर घेऊन चढावर ६५ च्या आसपास जाणारी गाडी आपलं काम नीट करत असू शकते, नुसत्या वेगावरून तिच्यात खोट काढू नका. आणि जे वजन वर न्याल तेच उताराला आवरायचंही असतं, तिथे रीमॅप काही कामाला येत नाही.

तरीही करायचंच ठरलं तर मी स्वतः माझ्या गाडीला काय करेन ते सांगतो. आधी मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे तापमानाचा सेन्सर बसवेन. टर्बोच्या पलीकडचा सेन्सर लोडवर १००-२०० अंश कमी दाखवतो, त्यावर निर्णय घेता येत नाही. मग गाडीची स्वतःची फाइल वाचून तीच बदलायला सांगेन, इंटरनेटवरून उतरवलेली नाही. टॉर्कची वाढ १० ते १२ टक्क्यांवर थांबवेन, आणि १,८०० आरपीएमच्या खाली काहीच वाढवणार नाही, कारण तिथे दाब सगळ्यात क्रूर असतो. पाणी आणि एक्झॉस्ट तापल्यावर ताकद कापणारे तक्ते जसेच्या तसे ठेवायला लावेन. गिअरबॉक्सला खरा टॉर्क कळवला जातोय याची लॉगमधून खात्री करेन. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवेन, कारण सर्व्हिस सेंटरने अपडेट टाकलं तर रीमॅप पुसला जातो आणि वाद झाला तर मूळ फाइलच हाताशी हवी. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं सोडूनच देईन. ईसीयू पुन्हा लिहिल्याच्या खुणा मूळ फाइल परत टाकल्यावरही सापडू शकतात. ऑइल बदलण्याचं अंतर एक तृतीयांशाने कमी करेन. आणि पहिला लांब चढ ट्रेलरसह, शेजारी कोणाला तरी लॅपटॉप घेऊन बसवून चढेन. ७०० अंश दिसले की पाय उचलेन, एक गिअर उतरवेन आणि त्या फाइलमधून डिझेल आणखी कमी करून घेईन.

पण हे सगळं नंतरचं. पुढच्या फेरीत त्याच चढाच्या मध्यावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, शेजारी बसलेल्याला चार आकडे लिहून घ्यायला सांगा: कितवा गिअर, आरपीएम, ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष आलेला बूस्ट. बऱ्याच गाड्यांत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं यंत्र) बूस्टचे दोन्ही आकडे दाखवतो. मग एक गिअर उतरवून तेच चार आकडे पुन्हा. ते आठ आकडे मला पाठवा, म्हणजे हरवलेले ३५ हॉर्सपॉवर गिअरमध्ये अडकलेत की होजमध्ये, ते सांगतो.